सोनकांबळे सिस्टरांचा तास

सोनकांबळे सिस्टरांना 'मॅडम' म्हटलेलं खपत नसे. वॉर्डातून नर्सिंग कॉलेजात शिकवायला आलं की सिस्टरची मॅडम होते. हजेरीपटावर तसं पद लागतं, आणि बाकीच्या शिक्षिका त्यासाठी जीव टाकत. या मात्र नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगत, "मॅडम तिकडं ऑफिसात बसत्यात. मी सिस्टर हाय. कळ आल्यावर पेशंट कुणाला मॅडम म्हणून हाका मारत न्हाई."

नांदेडच्या बाहेर, मोठ्या रस्त्याला लागून एका संस्थेचं आवार होतं. तिथं शैक्षणिक विभागात मी कारकून होतो. आवार एक, पण कॉलेजं चार : मेडिकल, नर्सिंग, फार्मसी आणि फिजिओथेरपी. मधोमध हॉस्पिटल. चार इमारती, चार प्राचार्य, चार कॅन्टीन. मोठं सभागृह मात्र एकच, आणि त्यावरून भांडणं होत म्हणून चारही कॉलेजांची वेळापत्रकं माझ्या टेबलावर बनत. कोणाचं कोणाशी पटत नाही, हे त्या आवारात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

लातूरच्या भूकंपाला तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. एका सकाळी सिस्टर माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. ठेंगणा बांधा, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, पेन दोरीनं गळ्यात.

"सय्यदभाऊ, चारी कॉलेजांची तिसऱ्या वर्षाची पोरं एका टायमाला मोकळी असत्यात, असा एक तास मला काढून द्या."

मला हसू आलं. "सिस्टर, असा तास नसतो."

"नसतो, का तुम्ही बघितला न्हाई?"

"बघायची कधी गरज पडली नाही."

"मंग आता पडली."

त्या चारही वेळापत्रकं घरी घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी ती खळीनं एका पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवून आणली आणि तांबड्या पेन्सिलीनं एक चौकोन रंगवलेला दाखवला. गुरुवार, चार ते पाच. मेडिकलला त्या वेळी लायब्ररी होती, फार्मसीला खेळ, फिजिओला सुट्टी. गंमत म्हणजे फक्त त्यांच्याच कॉलेजची अडचण होती, कारण नर्सिंगच्या मुलींची होस्टेलची बस सव्वाचारला सुटे. बसची वेळ बदलायची म्हणजे अर्ज, शेरा, पुन्हा अर्ज. मी तीन महिने धरले होते. सिस्टरांनी ड्रायव्हर, होस्टेलच्या रेक्टरबाई आणि मेसचा आचारी यांना बसच्या दारात एकत्र उभं केलं आणि पाच मिनिटांत बस सव्वापाचवर नेली. कागद झालाच नाही.

हीच त्यांची रीत होती. कागद येण्याआधी माणूस गाठायचा. त्या मूळच्या भोकरच्या. वडील रेल्वेच्या गँगमध्ये होते. "आमच्या बापाच्या गँगमधी एकानं हाक मारल्याबिगर दुसरा पहार उचलत नव्हता," असं त्या एकदा बोलून गेल्या होत्या. स्वतः नाडी बघितली तरी आकडा मोठ्यानं म्हणत. दुपारचा डबा त्या दररोज वेगळ्या इमारतीत खात : सोमवारी फार्मसीच्या कॅन्टीनमध्ये, मंगळवारी फिजिओच्या, बुधवारी थेट मेडिकलच्या स्टाफरूममध्ये. सुरुवातीला लोक त्या दिसल्या की गप्प होत. ही बाई कोणाची माणूस, हे त्यांना कळत नसे. पुढं सवय झाली, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर येणाऱ्या त्यांच्या लसणाच्या चटणीची काहीजण वाटही बघू लागले.

त्यांचे दोषही सांगायला हवेत. त्यांना हळू माणूस सहन होत नसे. समोरचा बोलत असताना मध्येच तोडत. आभार मानायची सवय नव्हती. आणि चार कॉलेजांना एकत्र आणायला निघालेल्या या बाईचं स्वतःच्या प्राचार्यांशी मात्र कधी पटलं नाही.

तासाची बातमी वर पोचली तेव्हा बैठक बसली. इतिवृत्त लिहायला मी होतो. डीनसाहेब म्हणाले, "कल्पना उत्तम आहे. पण हा विषय कोणाचा?" या एका प्रश्नावर दीड तास गेला. हजेरी मेडिकलच्या मस्टरवर घ्यायची, तर बाकीची मुलं मेडिकलची झाली का? मार्क नाहीत तर मुलं येणार नाहीत. मार्क द्यायचे तर विद्यापीठाला विचारावं लागेल, आणि विद्यापीठ म्हणणार, हे अभ्यासक्रमात नाही. नोटिशीत आपल्या कॉलेजचं नाव चौथं का, असं फिजिओच्या प्राचार्यांनी विचारलं. मी नावं गोलात लिहू का, असं मला विचारावंसं वाटलं होतं. विचारलं नाही.

सगळ्यात जोरात विरोध आला तो नर्सिंगच्या प्राचार्यांकडून. त्या वयानं मोठ्या, करड्या, पण मुलींसाठी झटणाऱ्या बाई होत्या.

"आत्ता कुठं आमच्या पोरींना स्वतःची इमारत मिळाली," त्या म्हणाल्या. "डॉक्टर पोरांशेजारी बसवलं की पुन्हा ट्रे धरून उभ्या करतील त्यांना. मी बत्तीस वर्षं धरलाय ट्रे."

"ट्रे कुणी धरायचा तेच तर शिकवायचंय, मॅडम," सिस्टर म्हणाल्या.

"मला आधी विचारायचं होतंस, विमल."

"विचारलं असतं तर तुम्ही न्हाई म्हणल्या असत्या."

त्या दिवशी सिस्टर जिंकल्या, पण त्या वाक्यानं त्यांचं आपल्याच घरातलं माणूस तुटलं. ठराव झाला : 'प्रायोगिक तत्त्वावर, कोणत्याही विभागावर भार न पडता.' म्हणजे तास झाला तर झाला, बुडाला तर कुणाचा नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, हे मी त्यांना एकदाच विचारलं. दुपार होती, वीज गेली होती, पंखा बंद. सिस्टर पुठ्ठ्यानं वारा घेत होत्या.

भूकंप झाला तेव्हा त्या लातूरला स्टाफ नर्स होत्या. मातीत गाडलेली माणसं काढून आणत होते, त्या गावांच्या जवळ उभारलेल्या एका तंबूत त्यांची ड्यूटी लागली. एका तंबूत साठ खाटा. त्यातल्या एका खाटेवर कमल नावाची सोळा वर्षांची मुलगी होती. भिंतीखाली पाय सापडलेला. प्लास्टर घातलं.

"दुसऱ्या दिवशी मी बोटाला हात लावला तर गार," सिस्टर म्हणाल्या. "मी माझ्या कागदावर लिहिलं, बोटं गार. बाहेरगावाहून एक फिजिओथेरपीवाली पोरगी मदतीला आली होती. तिनं तिच्या कागदावर लिहिलं, बोटं हलत न्हाईत. प्लास्टर घालणाऱ्याला वाटून राहिलं होतं की जरा आवळच झालंय. त्यानं बी त्याच्या कागदावर लिहिलं, उद्या बघणे. डॉक्टर दोन दिवस झोपला नव्हता. यायचा, तोंडाकडं बघायचा, पुढं जायचा. तिन्ही कागद एकाच खाटेच्या दांडीला टांगलेले होते, भाऊ. एकामागं एक. कुणी कुणाचा वाचला न्हाई."

"मग?"

"मंग पाय काढावा लागला. गुडघ्याच्या वर." त्यांनी पुठ्ठा मांडीवर ठेवला. "डॉक्टर माझ्यापासनं दोन हातांवर उभा होता. मी लिहिलं, पण बोलले न्हाई. सायेब चिडतील म्हणून."

वीज आली. पंखा फिरायला लागला तशा त्या उठून गेल्या. पुन्हा तो विषय त्यांनी माझ्याजवळ काढला नाही.

पहिल्या गुरुवारी मोठ्या सभागृहात नर्सिंगच्या चाळीस मुली आल्या, कारण त्यांना सिस्टरांची भीती होती. फार्मसीचे अकरा, फिजिओचे आठ आणि मेडिकलचे चार. चार रंगांच्या अ‍ॅप्रनांचे चार घोळके चार कोपऱ्यांत बसले. कुलपांच्या किल्ल्या माझ्याकडे असल्यामुळे मी दाराशी बसून असे, म्हणून हे सगळं मी पाहिलं.

लातूरचे क्लासेस तेव्हा ऐन भरात होते. दूरदूरच्या जिल्ह्यांतून पोरं येऊन कॉट बेसिसवर, एकेका खाटेपुरतं भाडं भरून राहत, पहाटेपासून सराव परीक्षा देत. निकालानंतर चौकाचौकांत त्यांचे फोटो लागत, खाली मार्क. आमच्या मेडिकलची निम्मी पोरं त्यातूनच आलेली. हुशार, कष्टाळू, आणि शेजारच्यापासून आपला पेपर राखायची हाडात भिनलेली सवय. निखिल नावाचा एक मुलगा त्या चौघांत होता. सिस्टरांनी सगळ्यांना एक केस लिहून काढायला सांगितली, तर हा डावा हात कागदाभोवती कुंपणासारखा धरून लिहीत होता. शेजारी देगलूरकडची सविता नावाची नर्सिंगची मुलगी बसवलेली होती. ती बिचारी बघतही नव्हती.

सिस्टर त्याच्यापाशी गेल्या. "हात काढ."

"मॅडम?"

"सिस्टर म्हण. हात काढ आधी. ह्या तासाला कॉपी करायचीच हाय. जो करणार न्हाई, तो नापास."

पोरं हसली. पण निखिलला हात काढायला खरंच वेळ लागला.

मग सिस्टर स्वतः सरावासाठी आणून ठेवलेल्या एका खाटेवर आडव्या झाल्या. "मी साठ वर्षांची म्हातारी. पोटात जळून राहिलंय. मला बरी करून घरी धाडा." म्हातारी म्हणून त्या भयंकर होत्या. डॉक्टर पोराला म्हणाल्या, सगळं ठीक हाय. सविताजवळ म्हणाल्या, काळी शी होती, पण पोराला सांगू नगंस. फिजिओवाल्याला सांगितलं, गुडघे लई दुखत्यात. आणि फार्मसीच्या मुलीच्या कानात हळूच सांगितलं, गुडघ्यासाठी गावातल्या दुकानातनं गोळ्या आणून रोज खाते, दोन वर्षं झाली. निखिलनं दोन मिनिटांत रोग ओळखला आणि औषध लिहिलं. पण त्या दुकानातल्या गोळ्यांचं त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानंही कुणाला विचारलं नाही.

"मेले मी," सिस्टर म्हणाल्या आणि डोळे मिटून पडल्या. "रोग बरोबर, औषध बरोबर, आणि दुकानातल्या गोळ्यांनी पोटात रक्त सुटून म्हातारी मेली. चौघांनाबी चौथाई चौथाई ठावं होतं. आता पुन्हा पहिल्यापासनं. ह्या वेळी एकमेकाला तोंडानं सांगा."

पुढच्या गुरुवारी निखिल परत आला. येताना आणखी सहा जणांना घेऊन आला. वर्षाच्या शेवटी मेडिकलचे पंचवीस-तीस होऊ लागले, कोपरे मोडले, कोण कुठल्या कॉलेजचं हे अ‍ॅप्रनवरूनच काय ते कळे. दुसऱ्या वर्षी मात्र गावात डॉक्टरांच्या पुढच्या परीक्षेचा मोठा क्लास सुरू झाला. त्याची बॅच नेमकी गुरुवारी पाचला. आमच्या आवारातून शहरात पोचायला अर्धा तास लागे, म्हणून पोरं साडेचारलाच पळू लागली. सिस्टर ऑटो करून त्या क्लासवाल्याकडे गेल्या, बॅच अर्ध्या तासानं पुढं ढकला म्हणून. त्यानं आदरानं चहा पाजला आणि विचारलं, "सिस्टर, तुमच्या तासातला एक तरी प्रश्न पेपरात येतो का?"

"न्हाई येत."

"मग मी मुलांना काय सांगू?"

हे मला त्यांनीच सांगितलं. "त्याचं चुकीचं न्हवतं, भाऊ. चहा संपवला अन् आले परत." तरी तास चालू राहिला, कमी पोरांवर.

तो बंद पडला तो वेगळ्याच कारणानं. निखिल तेव्हा इंटर्न होता, सविता नुकतीच वॉर्डात लागलेली. एका बाईला इन्सुलिन द्यायचं होतं. निखिलनं घाईत दहा युनिट लिहिले. पण दहाच्या पुढचं युनिटचं इंग्रजी 'यू' असं गोल उमटलं की ते शंभर वाचता येई. सविता कागद घेऊन त्याच्याकडे गेली. खाटेभोवती नातेवाईक उभे होते.

"सर, हे दहा की शंभर?"

निखिल चौदा तास उभा होता. "लिहिलंय ते दे ना. तुला वाचता येत नाही का?"

"सर, तोंडानं सांगा. त्याबिगर मी देणार न्हाई."

तेवढ्यात खालच्या औषधाच्या खिडकीवरूनही माणूस आला. तिथं सिस्टरांच्याच तासाला बसलेली मुलगी होती, तिनंही तीच शंका विचारली होती. निखिल म्हणाला, दहा. बाईला दहा युनिट मिळाले, ती चार दिवसांनी चालत घरी गेली. पण नातेवाइकांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी वॉर्डात गोंधळ घातला, निखिलला धक्काबुक्की झाली, आणि प्रकरण समितीपुढं गेलं. नातेवाइकांसमोर डॉक्टरचा अवमान केल्याबद्दल सवितानं लेखी माफी द्यावी, असं ठरत होतं.

मी इतिवृत्त लिहीत होतो. सिस्टर उभ्या राहिल्या. "पोरीनं विचारलं. मी शिकवलं तसंच विचारलं. माफी कशाची मागून राहिलात?"

"विचारण्याची पद्धत असते," मेडिकलचे एक प्राध्यापक म्हणाले. "बाजूला घेऊन विचारायचं."

"बाजूला घेईपर्यंत सुई गेली असती तर?"

मग कुणी न विचारता निखिल बोलला. खाली बघूनच. "सर, ते शंभरसारखंच दिसत होतं. मी परत बघितलं. तिनं विचारलं नसतं तर..."

"तुम्हाला विचारलेलं नाही," अध्यक्ष म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, "हे लिहू नका."

मी लिहिलं नाही.

सविताची माफी टळली, ती तिच्या प्राचार्यांमुळे. ज्या बाई दोन वर्षं सिस्टरांशी धड बोलल्या नव्हत्या त्या म्हणाल्या, "माझी पोरगी माफी लिहून देणार नाही. वाटल्यास मी राजीनामा लिहून देते." त्या दोघी बैठकीनंतर पायऱ्यांवर शेजारी शेजारी उभ्या होत्या. बोलल्या की नाही, मला माहीत नाही. पण किंमत कुणीतरी मोजायचीच होती. महिन्याभरात सिस्टरांची बदली संस्थेच्या अहमदपूरच्या वीस खाटांच्या दवाखान्यात झाली. आदेश मीच टाइप केला. गुरुवारचा चौकोनही मीच खोडला. त्या जागी मेडिकलला लायब्ररी लिहिली.

जाताना सिस्टर टेबलापाशी आल्या. मला वाटलं, इतिवृत्ताचं काही बोलतील. त्या म्हणाल्या, "अहमदपूरच्या बसला स्टँडवर जावं लागतं, का ती हितं रस्त्यावर थांबती?"

"थांबते. हात करावा लागतो."

"करते मंग," म्हणाल्या आणि गेल्या.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते, पेन्शनच्या कागदांवर सह्या हव्या होत्या, आणि साहेबांनी संस्थेच्या जीपनं मला अहमदपूरला पाठवलं. दवाखाना बैठा, पुढं व्हरांडा. सकाळचे दहा वाजले असतील. सिस्टर आत होत्या म्हणून मी व्हरांड्यात बाकावर बसलो. समोरच्या खिडकीतून पहिली खाट दिसत होती. तिच्यावर एक म्हातारा, पूर्वीचा शिंपी. नर्स त्याला गोळ्या देऊन वळली तसं त्यानं त्या बंडीच्या आतल्या चोरखिशात टाकल्या आणि वरून पाणी प्यायला.

थोड्या वेळानं मला आत बोलावलं. सिस्टरांचे केस पूर्ण पांढरे झाले होते. बूट तेच. शिंप्याच्या खाटेभोवती सगळे जमले होते : तरुण डॉक्टर बिरादार, औषधं देणारे खानसाहेब, नर्स, आणि झाडलोट करणाऱ्या शेवंताबाईसुद्धा. शेवंताबाई सांगत होत्या, "ह्यानला काल भोवळ आली न्हाणीत. मी धरलं," आणि डॉक्टर ते लिहून घेत होता.

"बीपी उतरतच नाही," डॉक्टर म्हणाला. "आठवड्यात दोनदा डोस वाढवला. आज परत वाढवावा लागेल."

मी कागद पुढं केले. सिस्टरांनी ते हातात घेतले, पण माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या तोंडावर काय दिसलं त्यांना, कोण जाणे.

"सय्यदभाऊ, तुम्ही बाहेर बसला होता. काही बघितलं का?"

मी कारकून. वॉर्डात मला कुणी कधी काही विचारलेलं नव्हतं. डॉक्टर हातात पेन धरून थांबला होता.

"ते गोळ्या गिळत नाहीत," मी म्हणालो. "बंडीच्या आत ठेवतात."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला बोलल्याचा पस्तावा झाला. मग त्यानं हळूच हात आत घातला आणि मूठ काढून चादरीवर रिकामी केली. पांढऱ्या, पिवळ्या, दोन गुलाबी.

"म्हातारीला बी हेच दुखणं हाय," तो म्हणाला. "तिला हितं कोण आणून दाखवणार? म्हणलं, माझ्यातल्याच नेतो तिला."

डॉक्टरनं स्टूल ओढलं आणि बसला. वाढवलेला डोस लिहायला घेतलेला कागद त्यानं खिशात घातला. सिस्टरांनी भिंतीला टेकवून माझ्या कागदांवर भराभर सह्या केल्या आणि आभार न मानता ते मला परत दिले.

बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. दारातून मी एकदा मागं वळून पाहिलं. खानसाहेब आणि नर्स चादरीवर वाकून गोळ्या रंगाप्रमाणे वेगळ्या करत होते, शेवंताबाई म्हाताऱ्याच्या पाठीमागं उशी लावत होत्या, आणि सिस्टर खाटेच्या कडेवर बसून विचारत होत्या, "बाबा, तुमच्या गावची एसटी किती वाजता निघती? अन् आजीला आणायला उद्या आपल्यातलं कोण जाणार?"

डॉक्टरसकट चौघांनीही एकदम माना वर केल्या.